पुढे आलेला हात

हे मी सुमनला, माझ्या बायकोला, सांगितलं नाही. तिला नाही, म्हणजे कुणालाच नाही, कारण माझं जे काही बोलणं होतं ते तिच्याशीच होतं. बाहेर मी फारसा बोलत नसे. आता ती गेली. तिच्या माघारी बोलायला कुणी उरलं नाही म्हणून लिहायला बसलो, असं म्हणता येईल — पण ते पुरतं खरं नाही. ती होती तेव्हा काय अडलं होतं? रोज संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसून चहा प्यायचो. एकदाही जीभ उचलली नाही.

तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीनं बरंच आहे.

मी शिक्षक होतो. सिरसाळ्याहून आत गेलं की एक गाव लागतं, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी बरीच नोकरी झाली. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला जायचं. पोरं आजीआजोबांपाशी राहायची, नाहीतर शाळेतच चालणाऱ्या हंगामी वसतिगृहात. चार-सहा घरं मेंढरं राखणाऱ्यांची होती. तीही त्याच सुमाराला मेंढरं घेऊन बाहेर पडायची. उरायचे ते बागायतदार आणि म्हातारी माणसं. वर्गात अर्ध्या पोरांच्या डोळ्यांत एक वाट बघणं असायचं — ते बघतच मी गणित शिकवायचो. दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

मग पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या भागातल्या काही शाळांत 'मनाचा तास' सुरू केला. आठवड्यातून एकदा मुलांना गोल बसवायचं, दोन मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायला सांगायचं, आणि मग ज्याला जे वाटतं ते त्यानं बोलायचं. बीडला आमचं प्रशिक्षण झालं. भावनांच्या चेहऱ्यांचा एक तक्ता दिला — निराश, अस्वस्थ, चिंतातुर, असे बरेच शब्द होते त्यावर. आमच्या पोरांकडे त्या सगळ्यांसाठी एकच शब्द होता : "कसंतरीच होतंय, सर." आमचे हेडसर तक्त्याकडे बघून म्हणाले होते की पोरांनी हसायचं का रडायचं ते आधी ठरवून सांगा, म्हणजे मला शाळा सुटायची घंटा तेवढी देता येईल. सगळे हसले. मीही हसलो. पण मला तो तास मनापासून पटला होता, हे इथंच सांगून ठेवतो. तास वाईट नव्हता. वाईट जे काही होतं ते माझं होतं.

त्या तासाचा एक नियम होता. एक चेंडू गोलात फिरवायचा. ज्याच्या हातात चेंडू, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी मधे तोंड उघडायचं नाही. बोलायचं नसेल तर चेंडू पुढे द्यायचा. संस्थेनं दिलेला रबरी चेंडू पोरांनी पहिल्याच आठवड्यात भिंतीपलीकडे घालवला. तेव्हा रेणुका नावाच्या मुलीनं घरून एक चेंडू आणला — तिच्या आजीनं मेंढरांच्या लोकरीच्या सुताचा घट्ट गुंडाळून केलेला. काळपट, खरखरीत, हाताला वास लागायचा. पोरांना तो फार आवडला. त्यानंतर तोच फिरू लागला.

रेणुका सातवीत होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिची आई दोन वर्षांपूर्वी मेंढरांबरोबर बाहेर गेली असतानाच वारली होती — सरपण गोळा करताना पान लागलं, म्हणजे साप चावला. तेव्हापासून बापानं पोरीला आजीपाशी ठेवली होती. चेंडू तिच्या घरचा, पण तो हातात आला की ती तो खाली मान घालून पुढे द्यायची. महिनोन् महिने. मी तिला कधी बोल म्हणालो नाही. इतपत शहाणपण तेव्हा माझ्यात होतं.

आणि एका दिवशी तिनं तो पुढे दिला नाही. मांडीवर धरून बसली. सगळे थांबले. मग म्हणाली :

"आईनं हाक मारली. मला वाटलं काम सांगती. मी ओ दिली न्हाई."

एवढंच. त्यावेळी ती कोकराशी खेळत बसली होती, हे मला नंतर कळलं. आई बांधापलीकडे सरपण गोळा करत होती. पोरीला वाटलं पाणी आणायला सांगेल. ती गप बसली — जशी आपण सगळेच बसतो.

त्या तासाला पुढे कुणी काही बोललं नाही. शेजारच्या मुलीनं तिचा हात धरला आणि घंटा होईपर्यंत सोडला नाही. तो माझ्या नोकरीतला सगळ्यांत खरा तास होता. त्यात मी काहीच केलं नव्हतं, म्हणून तो तसा झाला असेल का? असं आज वाटतं. तेव्हा मात्र मला वाटलं — हे मी घडवलं.

गोलातलं गोलातच ठेवायचं, असाही एक नियम होता. तो मी त्याच संध्याकाळी मोडला, सुमनला सांगितलं. ती पदरानं डोळे पुसत बसली. ते एक वेळ सोडा — नवरा-बायकोचं बोलणं. पण पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी ते संस्थेच्या ताईंनाही सांगितलं, चार शिक्षकांसमोर. ताई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, लवकरच पुण्या-मुंबईची काही मोठी माणसं तास बघायला येणार आहेत, ती तुमच्याच शाळेत आणू. मुलीवर जबरदस्ती मुळीच नको, तिला वाटलं तर बोलेल. असं त्या म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली.

मला काय हवं होतं? मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. बदली नको होती, बढती नको होती. कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणावं, हा माणूस वेगळा आहे — एवढंच. पुस्तकं वाचणाऱ्या, कोपऱ्यात बसणाऱ्या माणसाला ही भूक नसते असं लोक समजतात. ती असते, आणि ती फार चिवट असते.

पाहुणे यायच्या आधल्या आठवड्यात मी रेणुकाला बाजूला घेऊन विचारलं — परत सांगशील का. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. मुलं 'नाही' अशीच म्हणतात, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं.

वर्गात प्रतीक्षा नावाची एक मुलगी होती. वक्तृत्व स्पर्धेत तालुक्याला पहिली आलेली. स्वच्छ आवाज, धीट. तिचे आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. मी प्रतीक्षाला म्हटलं, ते तू सांग.

तिनं विचारलं, "रेणुकाचं का, सर?"

मी म्हटलं, रेणुकाचं असं नाही. आपलं समजून सांगायचं.

ती म्हणाली, "पर माजी आई तर हाय की, सर."

त्यावर मी काय म्हणालो ते मला लख्ख आठवतं. मी म्हणालो, नाटकात नाही का आपण दुसऱ्याचं काम करत — तसं. तिला ते पटलं. मी तिचा सर होतो, तिला पटणारच. मी तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. 'आईनं हाक मारली' नंतर जरा थांब, असंही सांगितलं.

सगळा वर्ग हे ऐकत होता. रेणुकाही. मी तिला विचारलं नाही. तिचं ती बोलत नाही, मग दुसरीनं बोलल्यानं तिचं काय जातं — असा काहीतरी विचार मी केला असावा. केला असावा म्हणतो, कारण त्या जागी नेमकं काय होतं ते बघायला गेलं की अजूनही मला काही दिसत नाही. नुसती घाई दिसते.

पाहुणे आले. दारात रांगोळी, सरपंचांच्या हातून शाल आणि नारळ. मग आम्ही गोल बसलो, पाहुणेही मांडी घालून बसले. श्वासाची दोन मिनिटं झाली. चेंडू फिरू लागला. आधीच्या दोघातिघांनी शाळा, मैदान, कुत्र्याचं पिल्लू असं काहीबाही सांगितलं. मग चेंडू प्रतीक्षाकडे आला.

तिनं छान सांगितलं. हे म्हणायला मला लाज वाटते, पण तिनं खरंच छान सांगितलं. मी सांगितलं होतं तिथं थांबली. आणि एक तिच्या मनचंही घातलं — आईनं तीनदा हाक मारली. मूळ बोलण्यात तीनदा नव्हतं. पाहुण्यांतल्या चष्मेवाल्या बाई रडू लागल्या. ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी रेणुकाला कधी पाहिलं नव्हतं. ती मुलगी हीच, असं त्या समजल्या. मी तसं समजू दिलं.

इथपर्यंतचं मी कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. हसत, स्वतःवर टीका करत, 'पाहुणे आले की आमच्याकडे काय काय होतं' अशा गप्पांत. अशा कबुल्या माणूस देतो. त्यात फार काही जात नाही. मला जे सांगायचंय ते हे नाही. ते यानंतरच्या दोन-चार क्षणांतलं आहे.

प्रतीक्षाच्या शेजारी रेणुका बसली होती. मी बसवली नव्हती, ती रोज तिथंच बसायची. प्रतीक्षाचं बोलणं झालं, आणि रेणुकानं हात पुढे केला.

चेंडू पुढे जाणार म्हणून घ्यायला केला, तसा नाही. आजवर चेंडू तिच्याकडे यायचा, ती मागायची नाही. या वेळी तिनं मागितला. तळवा वर, बोटं पसरलेली. तिची मान वर होती आणि ती माझ्याकडे बघत होती, कारण चेंडू कुणाकडे जाईल ते शेवटी मीच ठरवायचो, हे पोरांना माहीत होतं.

आणि मी काय केलं? मी उठलो. दोन पावलं पुढे होऊन प्रतीक्षाच्या हातातून चेंडू घेतला — रेणुकाच्या हातावरून — आणि त्या चष्मेवाल्या बाईंना दिला. म्हणालो, आता पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत.

नियम असा, की चेंडू हातात नसेल त्यानं बोलायचं नाही. तो नियम मीच शिकवला होता. रेणुकानं तो पाळला.

तिचा हात काही वेळ तसाच राहिला. मग तिनं तो मागे घेतला आणि फ्रॉकला पुसला, जसं काही लागलं होतं.

ती काय बोलणार होती? 'ते माझं आहे', असं? का आईबद्दल आणखी काही? का ती तीनदाची चूक दुरुस्त करणार होती — तीनदा नाही, एकदाच हाक मारली होती, म्हणून? का ज्या एका पोरीनं तिचं दुःख मोठ्यानं बोलून दाखवलं, तिच्यामागे आपणही दोन शब्द बोलावेत असं तिला पहिल्यांदाच वाटलं होतं? मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की ती काय बोलेल याची मला भीती वाटली. मी सगळं बघितलं होतं, हात ओळखला होता, आणि ओळखूनच उठलो. गोंधळात झालं नाही. हे मला स्वच्छ लिहायचं होतं.

पुढचं सरळ आहे. कौतुक झालं. मला इतर शाळांच्या शिक्षकांना शिकवायला बोलावू लागले. चौसाळ्यापर्यंत जाऊन आलो. तिथं मी सांगायचो, मुलाचा हात पुढे येईपर्यंत वाट बघा. शिक्षक लिहून घ्यायचे. सुमन माहेरी, लग्नाकार्यात, कुठंही सांगायची — यांच्या तासाला मुंबईच्या बाई रडल्या म्हणे. मी तिला नको म्हणायचो. तिला वाटायचं, मी संकोची आहे.

उन्हाळ्यात प्रतीक्षाची आई कर्नाटकातून परत आली आणि पोरांकडून ऐकून शाळेत आली. मी तिला बघून उभाच राहिलो. ती दारातच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय सर, जितेपणीच मारलंत म्हणं मला?" मग तीच हसली. म्हणाली, बरं झालं, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, ऊस तोडायला अजून चार सालं मिळतील. हेडसर पोट धरून हसले. मीही हसलो, आणि घाम पुसला. जिला मी मारलं होतं तिनं मला असं सोडून दिलं. वर्गाच्या कोपऱ्यात रेणुका वह्या गोळा करत होती. तिच्याकडे मी बघितलं नाही.

त्यानंतरही ती वर्षभर शाळेत होती. मनाच्या तासाला बसायची. चेंडू आला की पुढे द्यायची, पूर्वीसारखाच. पूर्वीसारखाच म्हणून मी स्वतःची समजूत घालायचो. मग ती परळीला मावशीकडे गेली, पुढे लग्न झालं असं कानावर आलं.

सुमन दुपारी गेली. बरेच दिवस अंथरुणावरच होती. मी शेजारी खुर्चीवर बसलो होतो. ती म्हणाली, पंखा जरा कमी करा. मी उठलो, बटण फिरवलं, वळलो — आणि ती नव्हती. एवढंच झालं. घरात आम्ही दोघंच होतो.

मग माणसं यायला लागली. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण विचारतो, कसं झालं. मला ते सांगता येईना. माझी थोरली वहिनी राहायला आली होती, तिला सांगता यायचं. मी तिला पंख्याचं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी तिनं तेवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सुमननं तुळशीकडे बघितलं होतं. तेराव्यापर्यंत ती देवाचं नाव घेत, वहिनीच्याच मांडीवर गेली होती. बायका रडायच्या, वहिनीही रडायची — खोटं नाही, तिचंही प्रेम होतंच. मी भिंतीला टेकून ऐकत बसायचो. माझ्या बायकोचं मरण माझ्यासमोर दुसऱ्या कुणाचं तरी होत चाललं होतं, आणि मधे बोलायला माझी पाळी नव्हती.

तेव्हा मला कळलं. पुस्तकातून नाही, प्रशिक्षणातून नाही. इतकी वर्षं मी समजत होतो, की मी त्या पोरीची एक गोष्ट घेतली. घेतलं होतं ते तिच्या आईचं मरण, आणि त्यावर बोलायची तिची पाळी.

तेराव्यानंतरही कुणी ना कुणी येत होतं. एक दिवस दारात मोटारसायकल थांबली आणि एक तरुण बाई आत आली. डोक्यावर पदर, कडेवर मूल. मी ओळखलं नाही. तिनंच नाव सांगितलं. रेणुका. सिरसाळ्याला बाजाराला आली होती, तिथं कळलं म्हणून नवऱ्याला घेऊन आली. नवरा बाहेरच थांबला.

वहिनीनं सांगायला सुरुवात केली. तुळस आली, देवाचं नाव आलं. रेणुकानं ऐकून घेतलं. वहिनी चहा टाकायला आत गेली. मग रेणुका माझ्याकडे वळून म्हणाली :

"सर, तुमी होतात ना जवळ? बाईंला लई तरास झाला का?"

इतक्या दिवसांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. पंखा, बटण, वळणं, सगळं. मग आधीच्या महिन्यांचंही सांगितलं. सुमन रात्री माझा हात धरून झोपायची, ते सांगितलं. शेवटी शेवटी तिचा आवाज ऐकून मी कधी कधी मुद्दाम उशिरा उठायचो, तेही सांगितलं. कधी नव्हे इतका बोललो. ती मधे एकदाही बोलली नाही. मूल कुरकुरलं तेव्हा त्याला थोपटत राहिली, पण नजर माझ्यावरून काढली नाही.

वहिनीनं चहा आणून ठेवला. बाहेर हॉर्न वाजला. रेणुका उठली.

आम्ही दोघंच होतो, वहिनी परत आत गेली होती. विचारायला एक वाक्य पुरलं असतं. माझं तोंड उघडलंही. आणि मी म्हणालो, "चहा घेतलास का?"

"घेतला, सर," ती म्हणाली. कप भरलेला होता.

दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. तीही म्हणाली नाही. पदर सावरून गेली.

तिला त्या दिवशी शाळेत काय बोलायचं होतं, ते मला माहीत नाही. तेव्हा मी बोलू दिलं नाही, आणि आता, तिनं माझं सगळं ऐकून घेतल्यावरही, मी विचारलं नाही.